फ्युएल पंप कधी चालतो, कधी नाही : किनाऱ्यावरच्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी चालता चालता बंद पडते, वीस मिनिटांनी काही न करता सुरू होते, आणि गॅरेजात नेली की शहाण्या बाळासारखी चालते. इथली उत्तरं फक्त या एका दुखण्याची आहेत. ती पेट्रोल इंजेक्शनच्या कारना लागू आहेत आणि एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक स्कूटर-मोटरसायकलींनाही, कारण बीएस-६ आल्यावर दुचाकींतला कार्बोरेटर जवळजवळ संपला आणि टाकीत विजेवर चालणारा पंप बसला. डिझेल गाड्यांची रचना वेगळी असते. त्या इथे धरलेल्या नाहीत.

गाडी बंद पडली, मग आपोआप सुरू झाली. म्हणजे पंपच गेला ना?

गेला असेलही. पण पंपापर्यंत वीज पोचवणारी साखळी लांब आहे: बॅटरी, फ्यूज, रिले (आतल्या कॉइलच्या चुंबकाने चालू-बंद होणारा स्विच), दोन-तीन कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे खटके), गाडीच्या पुढून मागे गेलेली वायर, शेवटी अर्थचा बोल्ट, म्हणजे जिथे मायनसची वायर गाडीच्या पत्र्याला आवळलेली असते. यातली एक कडी जरी अधूनमधून सुटली तरी लक्षण अगदी तेच दिसतं.

यात एक फसवणूक लपलेली आहे. पंप बदलायचा तर कपलर ओढून काढावा लागतो आणि परत दाबून बसवावा लागतो. त्या ओढाताणीत पिनांवरचा गंज खरवडला जातो, संपर्क सुधारतो आणि गाडी काही आठवडे झकास चालते. गिऱ्हाईक खूश, मेकॅनिकही खूश. मग एका दमट सकाळी फोन येतो, "पंप नवो घातलंय, तरी गाडी बंद पडताच!" जुना पंप तोवर भंगारात गेलेला असतो आणि त्याची काही चूक नव्हती हे सांगायला कोणी उरत नाही.

म्हणून नियम एकच ठेवावा. गाडी बंद असलेल्या क्षणी पंपाच्या पिनांवर वीज होती की नव्हती, हे कळल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही. खालची बहुतेक उत्तरं हे कसं कळून घ्यायचं याचीच आहेत.

पंपाला वीज नेमकी कशी मिळते?

चावी ऑन केली की इंजिनचा कंट्रोल युनिट, म्हणजे ईसीयू, रिलेची कॉइल चालू करतो. रिले "टक्" वाजतो आणि पंप दोन-तीन सेकंद फिरून लाईनमध्ये प्रेशर भरतो. कारमध्ये ते साधारण ३ ते ४ बार असतं. तेवढ्यात सेल्फ मारला नाही तर ईसीयू पंप बंद करतो. इंजिन फिरतंय असा सिग्नल क्रँक सेन्सरकडून येत असेल तरच रिले चालू राहतो. अपघातात इंजिन थांबलं तर पंपानेही थांबावं आणि फुटलेल्या पाइपातून पेट्रोल ओतत राहू नये, यासाठी ही सोय.

जुन्या पद्धतीच्या चार पायांच्या रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० हा बॅटरीकडून येणारा, ८७ पंपाकडे जाणारा, ८५ आणि ८६ हे कॉइलचे. हे चार आकडे पाठ असले की निम्मं वायरिंग डायग्राम हातात आलं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. क्रँक सेन्सर मेला तरी पंप बंद पडतो. पंप थांबलेला दिसला म्हणून बिघाड पंपाच्या लाईनमध्येच आहे, असं समजू नका.

मग पंप की क्रँक सेन्सर, हे चालवताना कळतं का?

बऱ्याच वेळा कळतं. पंप थांबला तर लाईनमधलं प्रेशर उतरायला थोडा वेळ लागतो. गाडी आधी पिकअप सोडते, दोन-चार झटके देते, मग मरते. सेन्सर किंवा इग्निशनची वीज गेली तर इंजिन दिवा मालवावा तसं एका क्षणात जातं.

त्याच वेळी आरपीएमच्या काट्याकडे बघा. गाडी गियरमध्ये असून पुढे सरकत असेल तर चाकं इंजिन फिरवतच असतात, म्हणजे काट्याने काहीतरी दाखवायलाच हवं. गाडी गियरमध्ये धावतेय आणि काटा मात्र शून्यावर, असं असेल तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर आधी तपासावी. काटा नीट उतरत खाली आला तर संशय पेट्रोलवर. ऑटोमॅटिक गाडीत ही खूण धरू नका.

रस्त्यात बंद पडली तर पहिली पाच मिनिटं काय करायचं?

आधी गाडी कडेला, चारही इंडिकेटर चालू, माणसं उतरवून आतल्या बाजूला. परशुराम किंवा भोस्ते घाटाच्या वळणावर बॉनेट उघडून उभं राहणं हे पंपापेक्षा मोठं संकट आहे.

मग काच खाली, एसीचा पंखा आणि रेडिओ बंद. चावी ऑफ करून दहा सेकंद थांबा आणि परत ऑन करा. मागच्या सीटखाली "झुंऽऽ" असा बारीक आवाज दोन-तीन सेकंद आला पाहिजे. चालत्या गाडीत हा आवाज कानात बसलेला नसेल तर बंद गाडीत तो ओळखता येत नाही, म्हणून आजच एकदा ऐकून ठेवा.

आवाज आला आणि गाडी सुरू झाली नाही, तर पंपाला वीज आहे. प्रेशर, स्पार्क, सेन्सर यांचा विचार करा. आवाज नाही, पण रिलेची टकटक बोटाला लागते, तर रिलेचे कॉन्टॅक्ट, पुढची वायर, अर्थ किंवा पंप. आवाजही नाही आणि टकटकही नाही, तर कॉइलची बाजू: ईसीयू, मेन रिले, इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी सोय). मीटर कन्सोलवर चावीचं किंवा कुलुपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडीने चावी ओळखलेली नाही. तिथे पंप शोधत बसू नका, दुसरी चावी लावून बघा.

आवाज नसेल तर एक जण चावी ऑन करत असताना दुसऱ्याने टाकीच्या बुडाला मुठीने किंवा चपलेने दोन-तीन हलके ठोके द्यावे. ठोक्याने पंप जागा झाला तर त्याचे ब्रश झिजलेले असण्याची शक्यता मोठी. कपलर हलल्यानेही जाग येऊ शकते, म्हणून हा शंभर टक्के पुरावा नाही, पण घरी पोचायला बरा. आणि लोखंडी पाना वापरू नका.

बंद गाडीत जे दिसलं ते तिथेच मोबाईलवर टिपून ठेवा: ऊन की पाऊस, टाकीत पेट्रोल किती, किती वेळ चालली होती, चढ होता का, आवाज होता का. "कधी कधी बंद पडते" या चार शब्दांपेक्षा या पाच नोंदी मेकॅनिकच्या जास्त कामाच्या.

गॅरेजात नेली की चालतेच. मग बिघाड पकडायचा कसा?

त्याच्यावर पाळत ठेवायची. लागतो फक्त १२ व्होल्ट ५ वॅटचा छोटा बल्ब, होल्डर, एक अँपिअरचा इनलाईन फ्यूज आणि लांब वायर.

बल्बची एक वायर पंपाच्या कपलरमधल्या प्लसला समांतर जोडायची आणि दुसरी पंपाच्याच अर्थ वायरला. बॉडीला नाही, हे लक्षात ठेवा. फ्यूज प्लसच्या बाजूला, कपलरच्या जवळ. वायर सीटच्या कडेने, मॅटखालून पुढे आणून बल्ब डॅशवर दिसेल असा चिकटवायचा. जोड टाकीच्या झाकणापासून लांब, हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, कोरड्या भागात घ्यायचे.

आता गाडी नेहमीसारखी वापरा. इंजिन चालू असताना बल्ब पेटलेला दिसेल. ज्या दिवशी गाडी आचके देईल त्या दिवशी रस्त्यावरून क्षणभर नजर उचलून बल्ब बघा, किंवा शेजारच्याला बघायला सांगा.

आचके देताना बल्ब लख्ख असेल तर पंपाच्या दारापर्यंत प्लस आणि अर्थ दोन्ही पोचलेत. आता पंपावर संशय घ्यायला हरकत नाही: दोष कपलरच्या पिनांत किंवा पलीकडे टाकीत असेल, पेट्रोल अडत असेल, नाहीतर स्पार्कचा असेल. बल्ब मिणमिणता झाला तर वाटेत कुठेतरी रेझिस्टन्स आहे. पूर्ण विझला आणि गाडी नंतर मेली तर लाईन तुटतेय. गाडी आधी मेली आणि मग बल्ब विझला तर ईसीयूनेच पंप बंद केला. क्रँक सेन्सरकडे वळा.

पुढची पायरी म्हणजे तसाच दुसरा बल्ब रिलेच्या ८७ वर आणि बॅटरीच्या मायनसवर. पुढचा पेटलेला आणि मागचा विझलेला, तर बिघाड दोघांच्या मध्ये. एवढ्यावर शोधायची जागा अर्ध्याहून कमी होते.

एलईडी का नको? कारण ती नुसत्या गळतीच्या करंटवरही पेटते आणि ९ व्होल्टला जेवढी दिसते जवळजवळ तेवढीच १३ ला. पिवळा बल्ब खोटं बोलत नाही.

नव्या काही गाड्यांत, विशेषतः डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत, पंपाला सरळ १२ व्होल्ट न देता वेगळा कंट्रोल मॉड्यूल वीज तुकड्यातुकड्याने देतो. काहींत पंपाला तीन वायरी जातात. तिथे हा बल्ब लावू नये. ते काम स्कोप (विजेचा आलेख दाखवणारं यंत्र) आणि कंपनीच्या स्कॅनरचं.

कपलर काढून मल्टिमीटर लावला, पूर्ण १२ व्होल्ट आले. म्हणजे वायरिंग ओके?

नाही. या एका चाचणीने जेवढे चांगले पंप भंगारात गेलेत तेवढे गंजानेही गेले नसतील.

मीटर लाईनमधून जवळजवळ करंट घेतच नाही. गाळाने भरलेल्या पाइपाचा नळ बंद असला तर प्रेशर पूर्ण दिसतं, नळ उघडला की धार करंगळीएवढी, तसंच हे. वायरची एक तार सोडून बाकी तुटल्या असल्या तरी मीटर बारा दाखवेल.

हिशेब करून बघा. कारचा पंप साधारण ५ अँपिअर घेतो असं धरू. गंजलेल्या पिनेत अर्धा ओहम रेझिस्टन्स आला तर ५ गुणिले ०.५, म्हणजे अडीच व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. पंपाला चौदाच्या जागी साडेअकरा मिळतात, तो हळू फिरतो, चढावर प्रेशर पुरत नाही. शिवाय अडीच व्होल्ट आणि ५ अँपिअर म्हणजे साडेबारा वॅट उष्णता एका बारीक पिनेवर. प्लास्टिक तपकिरी होतं, पिनेचं स्प्रिंग मऊ पडतं, पकड ढिली होते, रेझिस्टन्स आणखी वाढतो. सुरुवातीला कधीतरी होणारा त्रास मग रोजचा का होतो, ते यात आलं.

बरोबर पद्धत अशी. कपलर जोडलेला, इंजिन चालू, आणि कपलरच्या मागच्या बाजूने वायरच्या कडेला टाचणी सरकवून मोजायचं. मीटरचा लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा पंपाच्या प्लस पिनेवर: अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. मग एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर, दुसरा पंपाच्या अर्थ पिनेवर: ०.२ व्होल्टच्या आत. जास्त आलं तर एक प्रोब तसाच ठेवून दुसरा कपलर-कपलर करत पुढे सरकवा. आकडा जिथे एकदम पडतो, त्याच्या आधीचा जोड गुन्हेगार.

पंप फिरतच नसेल तर त्याच्या जागी हेडलाईटचा ५५ वॅटचा हॅलोजन लावा. तोही साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. बल्ब पांढरा पेटला तर लाईन दमदार, लालसर पेटला तर लाईन खोटी. बल्ब क्षणात तापतो, तो पेट्रोलच्या वासाजवळ नाही, लांब वायर घेऊन गाडीबाहेर पेटवायचा.

समुद्राजवळच्या गाड्यांनाच हे जास्त का होतं?

खारी हवा, चार महिने सरींवर सरी, आणि उरलेले महिने दमट. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते खारं पाणी वीज वाहून नेतं. कपलरमध्ये असा ओलावा बसला आणि वर १२ व्होल्ट असले की तांबं विरघळायला लागतं, आणि त्यातही प्लसची पिन आधी खाल्ली जाते. हिरवट-पांढरी पूड दिसली की समजावं. वाईट म्हणजे ही पूड वायरच्या रबराच्या आत केशिकांसारखी चढत जाते. वरून वायर धडधाकट, आत तार काळी आणि ठिसूळ.

जिथे आम्ही आधी बघतो त्या जागा सांगतो. मागच्या चाकाच्या कमानीजवळचा हार्नेस, कारण चिखल आणि जांभ्याची लाल खडी तिथे आदळते. टाकीवरच्या झाकणाचा कपलर. मागच्या सीटखालचा किंवा डिकीतला अर्थचा बोल्ट, जिथे रंगाच्या आणि वॉशरच्या मध्ये गंज धरतो. आणि पुढच्या काचेखालची जाळी. गाडी आंब्याखाली किंवा फणसाखाली उभी असते, पानं त्या जाळीत जातात, पाणी जायची भोकं बुजतात आणि पावसाचं पाणी केबिनमध्ये उतरतं. मॅट उचलून हात लावा. ओली लागली तर निम्मा तपास झाला.

जंगल जेटी, म्हणजे दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीने नेहमी जाणाऱ्यांनी उतारावरचं खारं पाणी उडालं की त्याच दिवशी गाडीखालून गोड्या पाण्याचा फवारा मारावा. वाळूत गाडी घालणाऱ्या पर्यटकांना सांगून उपयोग नाही, पण गुहागरच्या पुळणीवर फिरवलेल्या गाडीचं बिल पुढच्या पावसाळ्यात येतं.

आणि उंदीर. भातकापणी झाली की त्यांना गाडीचा उबारा सापडतो. अर्धवट कुरतडलेली वायर हे या दुखण्याचं अगदी आवडतं कारण आहे, कारण ती कोरडी असताना चालते आणि खड्ड्यात किंवा ओलीत दगा देते.

फक्त गरम झाल्यावरच बंद पडते.

तीन संशयित. पहिला पंप: गरम झाल्यावर मोटरच्या गुंडाळीत किंवा ब्रशमध्ये संपर्क सुटतो, थंड झाला की जुळतो. दुसरा क्रँक सेन्सर, तोही उष्णतेने मरून थंडीने जगणारा. तिसरा रिले, ज्याच्या आतल्या सोल्डरला केसाएवढी चीर असते. १९८०-९० च्या दशकांतल्या होंडा गाड्यांचे मेन रिले यासाठी जगभर प्रसिद्ध झाले होते: उन्हात उभी गाडी सुरू होईना, काच उघडून केबिन गार केली की होई.

मेच्या दुपारी वाट बघत बसण्यापेक्षा रिले हेअर ड्रायरने तापवा, चटका बसेल इतकंच, प्लास्टिक वितळेपर्यंत नाही. गाडी मेली तर सापडला. क्रँक सेन्सरवर बाटलीभर गार पाणी हळूहळू ओतल्यावर गाडी लगेच सुरू झाली, तर तिथेही उत्तर मिळालं.

टाकीत पेट्रोल किती होतं तेही बघा. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच गार राहतो. कायम रिझर्व्हवर फिरणाऱ्यांचे पंप लवकर तापतात. आणि पाव टाकीवर आंबोली किंवा करूळ घाट चढताना पेट्रोल टाकीच्या मागे सरकून पंप क्षणभर हवा ओढत असेल, तर तो विजेचा बिघाड नव्हेच. टाकी भरून तोच घाट परत चढून बघा.

फक्त खड्ड्यांत बंद पडते.

मुंबई-गोवा महामार्गाचं काम रखडल्याचा एवढाच फायदा, ही चाचणी फुकट होते. इंजिन चालू ठेवून रिले, फ्यूजबॉक्स, कपलर आणि हार्नेस एकेक करून हाताने हलवा, ओढा, वाकवा. कुठे हलवल्यावर इंजिन आचका देतं ते बघा. फ्यूजचे आणि रिलेचे मादी पाय ढिले झाले असतील तर नवा रिलेसुद्धा तिथे लटपटतो. फोर्ड आणि फियाटच्या काही जुन्या गाड्यांत धक्क्याने पंप तोडणारा इनर्शिया स्विच असतो, त्याचं बटण आणि कपलर आधी तपासा.

हॉर्नचा रिले काढून पंपाला लावून बघितला, गाडी चालली. रिले बदलला की झालं?

पार्ट नंबर तोच असेल तर ही चाचणी चांगली आहे. पण वर पंपाचं जे सांगितलं तेच इथे: रिले काढून घातल्याने सॉकेटही घासला गेला. जुना रिले परत लावा. बिघाड परत आला आणि नव्याने परत गेला, तरच दोष रिलेचा. शिवाय रिलेचा "टक्" आवाज म्हणजे फक्त कॉइल चालू. आतले कॉन्टॅक्ट जळालेले असू शकतात.

स्कॅनरने काही कळतं का?

कधी कधी. पी ०२३०, ०२३१, ०२३२ हे कोड पंपाच्या सर्किटचे, पी ०३३५ क्रँक सेन्सरचा, पी ००८७ रेलमधलं, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतलं, प्रेशर कमी असल्याचा. कोडसोबत फ्रीझ फ्रेम, म्हणजे त्या क्षणाचा आरपीएम, तापमान, वेग, हे पुसण्याआधी लिहून घ्या. बऱ्याच साध्या गाड्यांत ईसीयूला फक्त रिलेची कॉइल दिसते, पुढची वायर नाही. म्हणून "कोड नाही म्हणजे वायरिंग चांगलं" हे चुकीचं.

गाडीत सीएनजी आहे. काही फरक?

तुमचं काम सोपं झालं. पेट्रोलवर आचके सुरू झाले की सीएनजीवर टाका. सीएनजीवर सुरळीत चालली तर स्पार्क, क्रँक सेन्सर आणि ईसीयूची वीज ठीक, दोष पेट्रोलच्या बाजूला. दोन्हीवर मेली तर पंप बहुधा निर्दोष.

मात्र बाहेरून बसवलेल्या किटचे जोड हेच पहिले संशयित. मूळ वायर कापून, पिळून, वर काळी टेप. तीच गोष्ट बाहेरून लावलेल्या सिक्युरिटी अलार्मची आणि इंजिन लांबून बंद करणाऱ्या ट्रॅकरची. ते अनेकदा पंपाचीच वायर तोडून मध्ये आपला स्वस्त रिले घालतात. असं काही लावलं असेल तर मेकॅनिकला पहिल्या वाक्यात सांगा. आणखी एक: बऱ्याच किटमध्ये सीएनजीवर चालतानाही पेट्रोल पंप फिरतच राहतो. टाकीत दोन लिटर ठेवून महिनोन्‌महिने गॅसवर चालवणं म्हणजे पंप भाजणं.

स्कूटर-बाईकला हेच सगळं लागू का?

तत्त्व तेच, पंप लहान, करंट कमी. पण दुचाकीत दोन जागा जास्तीच्या. एक, किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण. बऱ्याच गाड्यांत पंपाची वीज त्याच्यामार्गे जाते आणि तो रात्रभर खाऱ्या दवात उभा असतो. चावी ऑन ठेवून किल स्विच दहा-वीस वेळा खालीवर करा. पंपाचा आवाज कधी येतो, कधी नाही असं झालं तर सापडलं. दुसरी, गाडी आडवी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर. तो ढिला झाला किंवा त्याच्या कपलरमध्ये पाणी गेलं की उभी गाडीसुद्धा "पडली" असं ईसीयूला वाटतं. प्रेशर वॉशरने सीटखाली पाणी मारणारे सर्व्हिसिंगवाले बदला.

आमच्या वायरमनने पंप डायरेक्ट केलाय. आता बंद पडत नाही. चालेल?

चालणार नाही. तपासापुरतं ३० आणि ८७ मध्ये फ्यूजवाली वायर घालून पंप फिरवणं ठीक आहे. पण तसंच वापरलं तर अपघातात इंजिन थांबल्यावरही पंप पेट्रोल ढकलत राहील. त्याने एक गोष्ट मात्र सिद्ध केलीय: पंप, त्याची वायर आणि अर्थ चांगले आहेत, दोष रिले किंवा कॉइलच्या बाजूला आहे. ती माहिती घ्या आणि वायर काढून टाका.

फ्यूज उडतो म्हणून १५ च्या जागी ३० अँपिअरचा घालणं हा याचाच मोठा भाऊ. फ्यूज उडतो तो कुठेतरी वायर घासतेय किंवा बुजलेल्या फिल्टरमुळे पंपावर लोड येतोय म्हणून. मोठा फ्यूज घातला की पुढच्या वेळी वायर जळेल, तीही टाकीजवळ.

सापडलेला जोड पक्का कसा करायचा?

वायर मागे कापत जा, तांबं चकचकीत लागेपर्यंत. काळ्या तारेवर सोल्डर धरत नाही. त्याच जाडीची वायर, दाबून बसवलेला स्लीव्ह, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). इन्सुलेशन टेप एकटी नको. ती पाणी बाहेर ठेवत नाही, आत धरून ठेवते.

अर्थचा बोल्ट काढून खालचा पत्रा आणि लग (वायरच्या टोकाचं कडं) दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस. आधी ग्रीस लावून आवळू नका. कपलरमधल्या पिनांना कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या. गंज सोडवायचा स्प्रे पाणी हटवतो, पण पावसाळाभर राखण करत नाही. तपकिरी झालेला कपलर साफ करण्यात वेळ घालवू नका, बदला.

टाकीचं झाकण घरी उघडू का?

बाहेरची मोजमापं घरी करा, झाकण अनुभवी माणसाकडे द्या. तरी उघडणारच असाल तर: पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालवा म्हणजे लाईनचं प्रेशर उतरतं, मग बॅटरीची मायनस काढा, टाकी निम्म्याच्या खाली, दारं उघडी, मोकळी हवा, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर. बिडी, मोबाईल चार्जर, ड्रिल मशीन, उघडा टेस्ट लॅम्प काही नाही. सीटखालच्या पिवळ्या कपलरना हात लावू नका, ते सहसा एअरबॅगचे असतात.

सेकंडहँड गाडी घेतल्यापासून हा त्रास आहे. पुरातली असेल का?

शक्य आहे. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात असंख्य गाड्या बुडाल्या, आणि त्यांतल्या दुरुस्त होऊन विकल्या गेलेल्या गाड्या कुठे फिरतायत ते चेसिसच्या गंजावर लिहिलेलं असतं, पॉलिश केलेल्या रंगावर नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ दिसते का बघा, सीटच्या स्प्रिंगा बघा, स्पेअर व्हीलच्या खड्ड्यातली माती बघा. तशी निघाली तर एकेक जोड शोधत बसू नये. पंपाची प्लस आणि अर्थ या दोन वायरी पुढपासून मागपर्यंत नव्या टाकून घेणं शेवटी स्वस्त पडतं.

पंप बदललाच तर जुना परत मागून घ्यायचा का?

हो, आणि काम चालू असतानाच सांगून ठेवायचं. त्याच्या पिना आणि झाकणाच्या आतल्या बाजूचं प्लास्टिक बघा. पिना तपकिरी किंवा वितळलेल्या असतील तर त्यांची जोडीदार, म्हणजे गाडीच्या हार्नेसमधली मादी पिन, तशीच भाजलेली आहे आणि ती अजून गाडीत आहे. ती बदलली नाही तर नवा पंपही तिथेच भाजेल. तळाची जाळी लाल गाळाने भरलेली असेल तर टाकी धुवून घ्या. जुना पंप फिरतो का हे बघायला त्याला घरी बॅटरी मात्र लावू नका. आत पेट्रोलची वाफ असते आणि ब्रशांना ठिणगी.